फेडरेशन काळातील घरांचे सजवलेले गेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनी, मेलबर्न आणि त्यांच्या जुन्या उपनगरांत घर घेणाऱ्या किंवा भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विसाव्या शतकाच्या आरंभीचे लाल विटांचे, उंच छपराचे घर कधी ना कधी भेटतेच. त्या घराच्या दर्शनी त्रिकोणावरचे लाकूडकाम, गिलावा आणि कौले यांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

गेबल म्हणजे घराचा नेमका कोणता भाग, आणि ‘फेडरेशन घर’ कशाला म्हणायचे?

दुपाखी छपराच्या टोकाला, आढ्यापासून दोन्ही वळचणींपर्यंत उतरणाऱ्या कडांच्या मध्ये जो त्रिकोण राहतो, तो गेबल. चौपाखी छपराला असा त्रिकोण नसतो, कारण त्याच्या चारही बाजूंना पाखीच उतरतात. १ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले. साधारण १८९० ते १९१५ या काळात तेथे बांधल्या गेलेल्या घरांना आज फेडरेशन घरे म्हणतात. हे नाव मात्र त्या काळचे नाही. बांधणाऱ्यांच्या लेखी ती ‘क्वीन ॲन’ या इंग्रजी वास्तुशैलीच्या पद्धतीची घरे होती, आणि ‘फेडरेशन’ हे नामकरण कलेतिहासकार बर्नार्ड स्मिथ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस केले.

या घरांची ठरावीक मांडणी अशी असते: मुख्य छप्पर चौपाखी आणि उंच, त्यातून रस्त्याच्या बाजूला एक खोली पुढे आलेली, त्या खोलीवर दुपाखी छप्पर आणि त्याच्या टोकाला सजवलेला गेबल, तर उरलेल्या दर्शनी भागात व्हरांडा. गेबल मधोमध नसून एका अंगाला असतो आणि ती असमतोल ठेवण हेतुपुरस्सर केलेली आहे.

या काळातच गेबल एवढा का मिरवला गेला? आधीच्या घरांना तो नव्हता का?

आधीही होता, पण शहरात तो बहुधा लपवला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चाळवजा, एकाला एक जोडलेल्या घरांमध्ये छपरासमोर गिलाव्याचा नक्षीदार कठडा उभा करून छप्पर रस्त्यावरून दिसणारच नाही अशी व्यवस्था केलेली असे, आणि विटाही गिलाव्याखाली झाकून त्यांना दगडाचा आव दिलेला असे. १८९० च्या दशकात मेलबर्नमधला जमिनींचा फुगा फुटला, बँका बुडाल्या आणि बांधकाम जवळजवळ थांबले. मंदी ओसरून पुन्हा घरे बांधली जाऊ लागली तेव्हा लोकांची आवड बदललेली होती. ट्राम आणि रेल्वेमुळे शहराबाहेर स्वतंत्र भूखंडावर घर बांधणे मध्यमवर्गाला शक्य झाले होते, आणि इंग्लंडमध्ये नॉर्मन शॉ आणि त्यांच्या समकालीनांनी केंट-ससेक्सच्या जुन्या शेतघरांवरून घडवलेली वास्तुशैली मासिकांतून आणि नव्याने आलेल्या वास्तुविशारदांबरोबर ऑस्ट्रेलियात पोहोचली होती. त्या शैलीत छप्पर लपवायचे नसून दाखवायचे असते.

घर स्वतंत्र झाले की त्याला चेहरा लागतो, आणि या घरांच्या बाबतीत तो चेहरा म्हणजे गेबल. बाजूच्या आणि मागच्या भिंती पाहिल्या तर हे लगेच लक्षात येते: समोर उत्तम दर्जाच्या, काटेकोर दरजांच्या लाल विटा, आणि बाजूला वळताच साध्या, स्वस्त विटा. सगळा खर्च रस्त्याकडे तोंड करून केलेला आहे. यात कुणाला दिखाऊपणा दिसेल, परंतु आपल्याकडे दाराच्या चौकटीवर आणि गणेशपट्टीवर जे कोरीवकाम होत असे, ते तरी मागच्या दाराला कुठे होत असे?

गेबलवरच्या उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्या छपराचा भार उचलतात का?

नाही, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मध्ययुगीन इंग्रजी घरात जाड ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा उभारून मधल्या जागा कुडाने भरत असत आणि तो सांगाडाच घराला तोलून धरी. फेडरेशन घरात भार विटांच्या भिंती आणि छपराचे वासे घेतात. गेबलवरच्या पट्ट्या म्हणजे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या असून त्या मागच्या चौकटीवर खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या जागेत खरबरीत गिलावा किंवा सिमेंटचे पत्रे असतात.

म्हणजे एक फळी कुजली म्हणून घर खाली येत नाही, त्यामुळे घाबरून सगळा गेबल पाडण्याचे कारण नसते. पण गेबल हे पातळ थरांचे आवरण असल्यामुळे एका थरातून आत शिरलेले पाणी मागच्या चौकटीपर्यंत सहज पोहोचते, आणि चौकट ओली राहू लागली की समोरून काहीही न दिसता नुकसान वाढत जाते. केवळ सजावट आहे असे समजून गेबलकडे दुर्लक्ष करणारे मालक पुढे याच कारणाने मोठ्या खर्चात पडतात.

गेबलमध्ये आणखी कोणकोणते भाग असतात?

वरून खाली पाहत गेल्यास आढ्याच्या टोकावर फिनियल, म्हणजे टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) किंवा लाकडाचे शिखरटोक दिसते. ते कधी साधा गोळा, कधी वळलेली शिंगे, तर कधी चक्क ड्रॅगन असते. कांगारूही काही छपरांवर बसवलेले आहेत. त्याखाली छपराच्या दोन्ही तिरक्या कडांना बार्जबोर्ड नावाच्या फळ्या, त्यांच्या शिखराजवळच्या कोनात लाकडी जाळी किंवा कमान, मग पट्ट्यांचा आणि गिलाव्याचा त्रिकोण, त्यात माळ्याची हवा खेळती ठेवणारी लहानशी झिलमिळी, आणि सर्वांत खाली खिडकीवर पुढे आलेला भाग तोलणारे ब्रॅकेट. हे सगळे एकाच गेबलवर असतेच असे नाही. किंबहुना उत्तम गेबल तो, ज्यात यातले दोन-तीनच भाग निवडून नीट जमवलेले असतात. कारागिराने सगळा साठा एकाच त्रिकोणावर रिकामा केल्याची उदाहरणेही भरपूर आहेत, आणि ती पाहायला मजा येत असली तरी त्यांना सुंदर म्हणणे जिवावर येते.

गेबलवरचा उगवता सूर्य नव्या राष्ट्राचे प्रतीक आहे का?

काही गेबलांच्या तळाशी अर्धवर्तुळ असते आणि त्यातून पट्ट्या किरणांसारख्या वरच्या कडांपर्यंत पसरतात. किरणांमधल्या जागा गिलाव्याने भरलेल्या असतात किंवा लाकडातच खोलगट ठेवलेल्या असतात. नव्या संघराज्याच्या पहाटेचे हे चिन्ह असल्याचे स्थानिक लोक आवडीने सांगतात. ऑस्ट्रेलियन सैन्याचा ‘उगवता सूर्य’ बिल्लाही १९०२ पासूनचा असल्याने ते पटतेही. तथापि सूर्यकिरणांची हीच रचना १८८० च्या दशकातल्या अमेरिकन आणि इंग्रजी लाकूडकामातही आढळते, म्हणून प्रत्येक सूर्य राष्ट्रभक्तीने बसवला असे मानणे धाडसाचे होईल. त्रिकोणात अर्धवर्तुळ आणि किरण हे आकार सुताराच्या हिशेबाने अतिशय सोयीचे असतात: सगळ्या पट्ट्या सरळ राहतात आणि फक्त टोके तिरकी कापावी लागतात. चिन्हाचा अर्थ बहुधा काळाने त्यात भरला.

स्थानिक वृत्ती अधिक निःसंशयपणे दिसते ती वाराटा हे तांबडे स्थानिक फूल, कूकाबुरा पक्षी अशा आकृतींत. १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावानंतर हद्दपार झालेला आणि पुढे सिडनीत शिकवू लागलेला फ्रेंच कलावंत ल्युसियाँ आँरी याने वाराटासारखी ऑस्ट्रेलियातली फुले सजावटीत वापरण्याचा आग्रह धरला होता. घरांमध्ये मात्र ही फुले गेबलपेक्षा खिडकीच्या रंगीत काचांत अधिक उमटली.

छपरावरची तांबडी कौले आपल्या मंगलोरी कौलांसारखी का दिसतात?

कारण दोन्हींचे कूळ एकच आहे. एकमेकांत अडकणारे सपाट कौल अल्सासमधल्या जिलार्डोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास सिद्ध केले. मार्सेय बंदराच्या परिसरात त्याचे मोठे कारखाने उभे राहिले आणि तेथून १८८० च्या दशकापासून ते जहाजांनी ऑस्ट्रेलियात येऊ लागले. इकडे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि त्याच धर्तीची कौले कोकणापासून मुंबईच्या बंगल्यांपर्यंत पोहोचली. १९१४ च्या महायुद्धाने फ्रेंच माल बंद पडल्यावर वुंडरलिखसारख्या कंपन्यांनी ऑस्ट्रेलियातच उत्पादन वाढवले. त्यामुळे जुन्या छपरावरून एखादे कौल उतरवले तर ते उलटे करून पाहावे. मागच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असतो, कधी मधमाशीचा, कधी ताऱ्याचा, आणि छप्पर आयात मालाचे आहे की स्थानिक, ते त्यावरून समजते.

सिडनी आणि मेलबर्न येथील गेबलांत काही फरक आहे का?

ठळक फरक आहे. सिडनीत, विशेषतः हॅबरफील्ड उपनगरात, स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) करड्या छपराला टेराकोटाची तांबडी आढी, एकच मजला आणि तुलनेने आटोपशीर गेबल असा मेळ वारंवार दिसतो. मेलबर्नच्या कँटरबरी, कॅम्बरवेल या भागांत नारिंगी-तांबड्या मार्सेय कौलांचे भलेमोठे छप्पर असते आणि घराची रचना कोपऱ्याच्या दिशेने, तिरक्या अक्षावर केलेली असते: दोन लगतच्या बाजूंना एकेक गेबल आणि त्यांच्या मधल्या कोपऱ्याला वळसा घालणारा व्हरांडा. बेव्हर्ली अशर आणि हेन्री केम्प या वास्तुविशारदांच्या जोडीने ही रचना तेथे रूढ केली. मेलबर्नजवळच्या ईगलमाँट येथे हॅरोल्ड डेस्ब्रो-अनिअर यांनी १९०३ च्या सुमारास बांधलेल्या टेकडीवरच्या घरांत लाकडी पट्ट्या आणि खरबरीत गिलावा केवळ गेबलपुरता न राहता संपूर्ण भिंतींवर पसरलेला दिसतो.

एवढे नक्षीकाम मध्यमवर्गीय माणसाला परवडले कसे?

ते हाताने कोरलेले नव्हते म्हणून. वाफेवर चालणाऱ्या करवती आणि खरादयंत्रांवर जाळ्या, ब्रॅकेट आणि गोल दांडे तयार होत, आणि लाकडाच्या वखारीचे छापील कॅटलॉग चाळून बांधकाम करणारा मिस्त्री हवे ते नग मागवी. म्हणूनच एकमेकांपासून मैलोगणती दूर असलेल्या दोन घरांवर तंतोतंत एकच जाळी सापडते. मालकासाठी आज ही चांगली बातमी आहे, कारण हरवलेल्या भागाचा जोडीदार बहुधा कुठेतरी शाबूत असतो आणि त्यावरून माप घेता येते.

रस्त्यावरून पाहून घराचा काळ ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. चढ तीव्र, पट्ट्या सडपातळ, जाळीकाम नाजूक आणि आढ्यावर टेराकोटाची झालर असेल, तर घर बहुधा १९१५ पूर्वीचे असते. चढ कमी झालेला, गेबल रुंद आणि बसका, त्यात लाकडी पात्या किंवा सिमेंटचे पत्रे, आणि एकामागे एक असे दोन गेबल रस्त्याकडे तोंड करून असतील, तर तो पहिल्या महायुद्धानंतर पसरलेला कॅलिफोर्निया बंगला होय. १९३० च्या दशकात लाकडी पट्ट्या पुन्हा फॅशनमध्ये आल्या, पण त्या जाड, गडद रंगाच्या असून त्यांच्यामध्ये गिलाव्याऐवजी तिरप्या रचलेल्या, जळकट रंगाच्या विटा भरलेल्या दिसतात. घरविक्रीच्या जाहिरातींत या तिघांनाही सर्रास ‘फेडरेशन’ म्हटले जाते. तिकडे फारसे लक्ष देऊ नये.

बार्जबोर्ड कुजला आहे हे कसे ओळखावे?

कुजण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी खालच्या टोकाला होते, जिथे तिरकी फळी पन्हळीला भेटते. तेथे लाकडाचा कापलेला छेद उघडा असतो आणि लाकूड पाणी शोषते ते मुख्यतः छेदातूनच. शिवाय पन्हळ पानांनी तुंबली की पाणी मागे फिरून नेमके याच टोकावर साचते. शिडीवरून जवळून पाहिल्यास आधी रंगाला आडव्या नव्हे तर उभ्या, रेषेनुसार जाणाऱ्या बारीक चिरा दिसतात. मग रंग फुगतो आणि त्याखाली लाकूड करडे पडलेले असते. तेथे पेचकसाचे टोक हलकेच दाबावे. चांगल्या लाकडात ते एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. कुजलेल्यात ते सहज रुतते आणि बाहेर काढताना लाकडाचे चौकोनी तुकडे सुटून येतात. फळीचा वरचा भाग मात्र शंभर वर्षांनंतरही खणखणीत असल्याचे वारंवार आढळते.

अशा वेळी पूर्ण फळी काढू नये. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून, तिरका सांधा घेऊन नवा तुकडा जोडावा, आणि जोडण्यापूर्वी त्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः छेदांना, अस्तराचा रंग द्यावा. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग फासणारा रंगारी स्वस्तात काम करतो खरा, परंतु आत राहिलेला ओलावा दोन-तीन पावसाळी हंगामांत ती लांबी बाहेर ढकलतो. आज बाजारात मिळणारे झटपट वाढवलेले पाइन जुन्या ऑरेगन (डग्लस फर) लाकडाइतके घट्ट रेषांचे नसते, त्यामुळे शक्य असेल तर जुन्या घरांतून निघालेले लाकूड शोधावे. आणि सगळ्यांत आधी पन्हळ साफ करावी, नाहीतर उत्तम सुताराचेही काम फुकट जाईल.

गेबलमधला खरबरीत गिलावा सुटत असेल तर काय करावे?

बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. घट्ट बसलेला गिलावा टणक आवाज देतो, सुटलेला भाग पोकळ वाजतो. पोकळ भागाभोवती खडूने खूण करून तेवढाच उतरवावा. चुना, वाळू, थोडे सिमेंट आणि बारीक खडी यांचे ओलसर मिश्रण करणीने किंवा पळीने भिंतीवर फेकून हा गिलावा करतात. थापीने सारवून तो पोत येत नाही, आणि शेजारच्या जुन्या भागाशी जुळवण्यासाठी आधी एखाद्या फळीवर दोन-चार नमुने फेकून पाहणे उत्तम. त्यावर जाड, हवाबंद ॲक्रिलिक लेप मात्र चढवू नये, कारण आतला दमटपणा अडकून मागची चौकट कुजते. मूळ गिलावा अनेकदा रंग न देताच ठेवलेला असे.

स्वतः रंग खरवडणे सुरक्षित आहे का?

नाही. १९७० पूर्वीच्या घरांवर शिशाचे प्रमाण जास्त असलेला रंग असण्याची दाट शक्यता असते, आणि शंभर वर्षांच्या बार्जबोर्डवर त्याचे अनेक थर असतात. कोरडा घासकागद किंवा उष्ण हवेचे यंत्र वापरल्यास शिशाची धूळ किंवा वाफ निर्माण होते आणि ती लहान मुले व गरोदर स्त्रियांना विशेष घातक असते. आधी चाचणी करावी. काम करायचे झाल्यास ओले घासावे, खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि ढलप्या बागेत पडू देऊ नयेत.

दुसरा धोका पत्र्यांचा आहे. पट्ट्यांमागे सपाट सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, मग ते मूळचे असोत वा नंतरच्या दुरुस्तीतले. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आहे, म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही डागडुजीत ते आलेले असू शकते. अशा पत्र्याला छिद्र पाडू नये, तो फोडू नये आणि दाबाच्या पाण्याने धुऊही नये. नमुना प्रयोगशाळेत तपासून परवानाधारकाकडूनच काम करवून घ्यावे.

कोणते रंग योग्य दिसतात?

मलईसारखा पिवळसर, फिकट दगडी, गडद हिरवा आणि ‘इंडियन रेड’ नावाने विकला जाणारा गेरूच्या कुळातला तांबडा हे त्या काळचे नेहमीचे रंग. कौल आणि वीट आधीच तांबडी असल्यामुळे लाकडाला दोन, फार तर तीन रंग पुरतात. सध्या सगळा गेबल शुभ्र आणि पट्ट्या काळ्या करण्याची टूम आहे. तिने घर १९०५ चे न दिसता कालच्या हॉटेलासारखे दिसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ रंग शोधायचा असेल तर झिलमिळीच्या आतल्या कडेला, जिथे रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोहोचत नाही, तेथे पाहावे.

बदलासाठी परवानगी लागते का?

घर वारसा-यादीत किंवा वारसा-क्षेत्रात असल्यास लागते. न्यू साउथ वेल्समध्ये स्थानिक पर्यावरण आराखड्यानुसार अशा घराच्या बाह्य स्वरूपात बदल करण्यास कौन्सिलची संमती आवश्यक असते. किरकोळ देखभालीला सूट मिळू शकते, पण ती आधी लेखी घ्यावी. व्हिक्टोरियात हेरिटेज ओव्हरले, म्हणजे वारसा-भागासाठीचे नियोजन-नियम, लागू असतो आणि त्याच्या परिशिष्टात तशी नोंद असेल तर बाहेरचा रंग बदलण्यासाठीही परवाना लागतो. जसेच्या तसे दुरुस्त करणे सर्वांत सोपे जाते. छपरावरच्या सौर पट्ट्यांचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते आणि घराचे तोंडच उत्तरेला असेल तर उत्तम ऊन नेमके गेबलाच्या बाजूला मिळते. अशा वेळी पूर्व-पश्चिम पाख्यांवर, रस्त्यावरून न दिसणाऱ्या भागात पट्ट्या विभागून बसवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

दिवाळीत गेबलला आकाशकंदील टांगता येईल का?

टांगावा, पण जाळीला किंवा बार्जबोर्डला खिळा मारून नव्हे. प्रत्येक नवा खिळा म्हणजे पाण्याला नवी वाट. व्हरांड्याच्या तुळईला दोरी बांधून कंदील सोडला तर तो गेबलच्या बाजूला, रस्त्यावरून छान दिसतो. सिडनी-मेलबर्नला दिवाळी वसंतात येते आणि घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे तो खुलून दिसायला रात्रीचे साडेसात-आठ वाजतात.

असे गेबल एका फेरीत पाहायचे असतील तर कुठे जावे?

सिडनीत हॅबरफील्ड हे पहिले ठिकाण. रिचर्ड स्टँटन या जमीन-व्यावसायिकाने १९०१ मध्ये ही वसाहत आखली. भूखंडावर एकच घर, वीट आणि स्लेट किंवा कौले सक्तीची, गल्ल्याबोळ नाहीत आणि दारूचे गुत्तेही नाहीत अशा अटी त्याने घातल्या, आणि स्पेन्सर-स्टान्सफील्ड या वास्तुविशारदाने तेथील अनेक घरे एकमेकांपासून वेगळी दिसतील अशी रचली. तेथून जवळच बरवूडमध्ये ॲपियन वे आहे. लोखंड-उद्योजक जॉर्ज हॉस्किन्स यांनी १९०३ ते १९११ या काळात मधल्या हिरवळीभोवती वळणाऱ्या रस्त्यावर भाड्याने देण्यासाठी ही मोठी घरे बांधवली, आणि तेथील गेबल हॅबरफील्डपेक्षा अधिक सैल हाताने सजवलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात पूर्वाभिमुख गेबलांवरचा खरबरीत पोत आणि पट्ट्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात, म्हणून छायाचित्रे काढायची असल्यास लवकर निघावे. ही सर्व राहती घरे आहेत, तेव्हा पदपथावरूनच पाहावे.